चित्राची मागची बाजू

फ्रेमच्या दुकानात पट्ट्यांचे तुकडे फार साठतात. लांब पट्टी आणायची, फोटोच्या मापानं कापायची, आणि शेवटी वीतभर तुकडा उरतो. तो टाकवत नाही. आज ना उद्या कामाला येईल म्हणून कोपऱ्यात उभा करायचा, आणि तो कधीच कामाला येत नाही! माझ्या कोपऱ्यात असे पंचवीस-तीस वर्षांचे तुकडे आहेत. बायको दर दिवाळीला म्हणते, बंबात घाला. मी घालत नाही.

नानांचे किस्से तसेच आहेत. एकेकटा कशालाच पुरत नाही, आणि टाकूनही देववत नाही. परवा रशीद म्हणाला, "सुभाष, सांगून टाक एकदाचे. तू गेल्यावर कोण सांगणार?" रशीद असंच बोलतो. तोंडाला कुलूप नाही. पण बोलला ते खरं आहे.

तर नाना म्हणजे आमच्या नगरच्या एका हायस्कूलचे ड्रॉईंग मास्तर. राहायला सावेडीत. शाळेत मुलांना सफरचंद आणि सुरई शिकवायचे, आणि घरी आल्यावर असली चित्रं काढायचे की त्यात सफरचंद नाही, सुरई नाही, माणूस नाही, झाड नाही. नुसता रंग, आणि रंगातून धावत सुटलेला हात. ॲबस्ट्रॅक्ट! नव्वदच्या दशकात नगरमध्ये हा शब्द उच्चारणारी माणसं आम्ही तिघंच. नाना, मी आणि रशीद. रशीद म्हणजे टेम्पो-ट्रकवर नंबर आणि दुकानांवर पाट्या रंगवणारा पेंटर. आणि चौथ्या वहिनी, म्हणजे नानांच्या मंडळी, त्यांना शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं.

*

माझं दुकान दिल्ली गेटजवळ. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो आणि गेलेल्यांचे फोटो, एवढाच धंदा. यात "वर कुठली बाजू?" असं विचारायची वेळ येत नाही. देवाचं डोकं वरच असतं!

नानांनी पहिलं मोठं चित्र आणलं तेव्हा मी शहाणपणानं काही विचारलं नाही. आपल्याला कळतं असं दाखवायचं होतं ना! फ्रेम केली, माझ्या मतानं वरच्या बाजूला कडी ठोकली, दिलं पाठवून.

तीन आठवड्यांनी नाना आले. "सुभाष, कडी उलटी लावलीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "आणा नाना, आत्ता बदलून देतो."

"राहू दे. तीन आठवडे मी रोज त्याच्यासमोर बसून चहा पितोय, मला कळलं नाही. कळलं हिला!"

नंतर मी वहिनींना विचारलं, तुम्हाला कसं कळलं हो? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांचा हात खालून वर जातो. वरून खाली कधी येत नाही. दिवाळीला भिंतीला चुना देतात तेव्हा बघा, खालूनच सुरू करतात आणि सगळा चुना स्वतःच्या डोक्यावर घेतात. चित्रात सगळे फटकारे वरून खाली पडत होते. म्हटलं, हे ह्यांचं नाही, हे फ्रेमवाल्या भाऊजींचं आहे!"

*

नाना चित्राला नाव द्यायचे नाहीत. नाव आम्ही द्यायचं, असा रिवाजच पडला होता.

रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं. नवं चित्र स्टुलावर टेकवायचं. चहा यायचा. मग प्रत्येकानं एक नाव सांगायचं आणि का ते सांगायचं. नानांना एखादं पटलं की ते चित्र पालथं करायचे आणि मागच्या कापडावर पेन्सिलीनं नाव लिहायचे. काय अक्षर होतं! शिरोरेषा अशी की पट्टी लावली तर पट्टीच वाकडी निघावी. रशीदसारखा अक्षर विकून जगणारा माणूस ते बघून म्हणायचा, "या अल्ला, हा माणूस पाट्या रंगवायला लागला तर मी उपाशी मरीन."

रशीदची नावं रस्त्यावरची. एका चित्रात काळ्यावर लालच लाल होता. मी म्हटलं, "क्रोध." रशीद म्हणाला, "छट्! रागाचा लाल असा नसतो. हा ब्रेकलाईटचा लाल आहे. पुढचा थांबलाय, आता तू पण थांब." त्या चित्राचं नाव पडलं 'थांबा'. माझा क्रोध गेला वाया.

एकदा मी नानांनाच धरलं. "काढताना तुमच्या मनात काय होतं, ते सांगा ना!"

नाना म्हणाले, "सांगता आलं असतं तर सांगितलंच असतं की. एवढा महागाचा रंग कशाला वाया घालवला असता?"

वहिनींना मात्र हा रिवाज आवडायचा नाही. एकदा आम्ही दोघं त्यांच्या घरी जेवत असताना त्या बोलल्याच. "अहो, एका तरी चित्राचं नाव तुम्ही ठेवा की. आपल्या घरात नाव ठेवायचा प्रसंग काही आला नाही. एखाद्या चित्राचं तरी ठेवा."

त्यांना मूलबाळ नव्हतं. मी ताटातल्या भाजीकडं बघत राहिलो. रशीदसुद्धा गप्प बसला, म्हणजे बघा.

नाना म्हणाले, "ठेवीन. एकदा ठेवीन. तुझ्यासाठी."

*

खर्ड्याकडचा एक माणूस एका रविवारी शटरखालून वाकून आत आला. त्याला वडिलांचा फोटो फ्रेम करून हवा होता. मी म्हटलं, रविवारी बंद असतं. तो म्हणाला, "लई लांबनं आलोय. यष्टीचं लई हाल झालं." मग घेतला फोटो. मी माप घेतोय, तर हा स्टुलावरच्या चित्रासमोर उभा.

ते चित्र खाली सगळं मातकट, करडं, आणि त्यातून एक पिवळसर फटकारा कोपऱ्याकडं निघालेला. मी त्याला नुकतंच 'वाळवंट' असं भारी नाव सुचवलं होतं.

"ह्ये काय हाय?" त्यानं विचारलं.

"चित्र आहे."

"त्ये दिसतंय. पन ह्यात कुनीतरी लांबनं हाक मारतंय. आन ज्याला मारतंय त्यो मागं फिरून बगत न्हाई."

नाना मागं बसले होते. ते कप ठेवून उठले. "कुठं दिसली हाक?"

त्यानं बोट त्या पिवळ्या फटकाऱ्यावर नेलं, लावलं नाही. "ही काय. वर वर जाती आन पातळ व्हती. आमच्याकडं माळावर हाक आशीच जाती."

नानांनी चित्र पालथं केलं आणि लिहिलं, 'हाक'. मग त्या माणसाला विचारलं, "वडील कधी गेले?"

"पंदरा दीस झालं," तो म्हणाला आणि रडायलाच लागला. एवढा दांडगा माणूस, फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होता. त्या दिवशी आम्ही पुढं एकही चित्र लावलं नाही. आणि मी 'वाळवंट' हा शब्द आजतागायत तोंडातून काढलेला नाही.

*

आता जरा अवघड किस्सा.

चित्राची पुढची बाजू सगळं जग बघतं. मागची बाजू फक्त फ्रेमवाला बघतो. एका सोमवारी मी चित्र पालथं घालून खिळे मारत होतो, आणि नानांनी आदल्या दिवशी लिहिलेल्या नावाकडं लक्ष गेलं. शिरोरेषा हलली होती. फार नाही, पाण्यात पडलेली काठी दिसते तेवढीच. पण नानांची शिरोरेषा! मी जुनी चित्रं आठवली. मग पुढच्या महिन्यातलं चित्र बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं. दर वेळी जास्त.

पुढून चित्रात काही कळत नव्हतं. उलट लोक म्हणायचे, नानांच्या चित्रात हल्ली काय मूव्हमेंट आलीय!

मी कुणाला बोललो नाही. एक दिवस नाना एकटेच आले. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही, आणि तिथंच चुकलो. त्यांना कळलं की मला कळलंय. म्हणाले, "सुभाष, यापुढं मागनं ब्राऊन पेपर लावत जा. धूळ बसते."

"लावतो," मी म्हटलं.

धूळबीळ काही नव्हती. तरी मी नानांच्या नव्या-जुन्या सगळ्या चित्रांना मागून कागद चिकटवले, कडा दाबून दाबून. रशीद खदाखदा हसला. "शिंगणापुरात अख्ख्या घराला दार नाही, आणि ह्या सुभाषनं चित्राला मागून पण दार बसवलं!"

मीही हसलो. हसण्यावाचून काय करणार?

*

माझी मुलगी तेव्हा आठवीत, नानांच्याच शाळेत. नानांची शाळेत ख्याती वर्तुळासाठी. फळ्यासमोर उभे राहायचे आणि खडू न उचलता एका दमात वर्तुळ. नवीन मुलं कंपास लावून बघायची.

एक दिवस मुलगी घरी आली ती उड्या मारत. "बाबा, आज सरांनी वर्तुळ काढलंच नाही! म्हणाले, माझी खूप काढून झाली, आता तुम्ही काढा. आम्हा सगळ्यांना एकेक करून फळ्यावर बोलावलं. अख्खा फळा वाकड्या वर्तुळांनी भरला. आणि सर म्हणाले, यातलं एकही पुसायचं नाही!"

हेडमास्तर म्हणे त्याच वेळी वर्गावरून गेले. त्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये नानांचं कौतुक केलं, की याला म्हणतात नवीन अध्यापन पद्धती!

मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही जेवत का नाही?"

*

मग पुण्यात प्रदर्शन लागलं. नानांच्या आयुष्यातलं पहिलं आणि एकच. आम्ही टेम्पो केला. चित्रं गोधड्यांत गुंडाळून नेली, भिंतीवर लावली, कड्या मी स्वतः तपासल्या.

तिथं एक समीक्षक आले. नाव सांगत नाही, माणूस भला होता. एका चित्रापुढं ते बराच वेळ उभे राहिले. निळ्यावर पांढऱ्या रेघा, आणि प्रत्येक रेघ थरथरत गेलेली. ते म्हणाले, "सर, या रेषेतला कंप विलक्षण आहे. असा मुद्दाम आणता येत नाही. कसा साधलात?"

मी आणि वहिनी शेजारीच उभे होतो. वहिनींच्या हातात थर्मास होता.

नाना हात पाठीमागं बांधून उभे होते. म्हणाले, "हळूहळू आला. दोन-तीन वर्षं लागली."

"अजून वाढवा!" समीक्षक म्हणाले.

"वाढेल," नाना म्हणाले.

मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसलो. माझ्यानं तिथं उभं राहवेना.

परत येताना नाना-वहिनी पुढं ड्रायव्हरशेजारी, आणि मी आणि रशीद मागं चित्रांना धरून. शिरूर सोडलं तसा रशीद एकदम म्हणाला, "ब्रशवाल्याला ब्रशवाला फसवू शकत नाही. मला वर्ष झालं कळून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोललास का?"



*

चित्रं सावेडीत उतरवली. आता पुढं काय करायचं, वहिनींना कसं सांगायचं, यावर मी आणि रशीद फाटकाशी कुजबुजत होतो. पुण्याचा मोठा डॉक्टर बघू, नानांना आधी तयार करू, वहिनींना तोपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही, असं सगळं आमचं चाललेलं.

वहिनी मागं कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. म्हणाल्या, "रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते. आमटीची वाटी मी अर्धीच भरते, सांडू नये म्हणून. पुण्याच्या डॉक्टरकडं आम्ही दोनदा जाऊन आलो, कंपवात आहे, बरा होत नाही. आणि तुम्ही दोघं शहाणे मला चोरून बोलताय होय? चला आत, पोहे गार होतात!"

गेलो आत. खाल्ले पोहे. नाना चमच्यानं खात होते, आणि आम्ही तिघंही त्या चमच्याकडं न बघायची पराकाष्ठा करत होतो.

*

हा किस्सा सांगायला मला आवडत नाही, पण वगळला तर लबाडी होईल.

त्यानंतरच्या एका रविवारी नानांनी चित्र पालथं केलं, पेन्सिल टेकवली, आणि हात चालेचना. टोक कापडावर नुसतं टकटक वाजत होतं. आम्ही बघतोय. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली.

रशीदला ते बघवलं नाही. त्याच्या मनात काळं नव्हतं हो, खरंच नव्हतं. तो म्हणाला, "नाना, तुम्ही नुसतं बोला. मी लिहितो. तुमच्यासारखंच अक्षर काढतो, कुणाला कळणार नाही."

नानांनी पेन्सिल खाली ठेवली. "मला कळेल," म्हणाले आणि शटरखालून वाकून निघून गेले. चित्र तसंच स्टुलावर.

रशीद पट्ट्यांच्या कोपऱ्याकडं तोंड करून बसला. त्याचे खांदे हलत होते. मी चहाचे कप विसळत बसलो.

नाना परत आले नाहीत. आमचे रविवार बंद पडले. रशीद दोनदा सावेडीला जाऊन आला, नाना बाहेर आले नाहीत. आणि मी? मी गेलोच नाही! मला वाटलं, मी काय केलंय, माझ्यावर का राग? मी ताठून बसलो. पुढच्या आठवड्यात जाऊ, सण झाल्यावर जाऊ, असं करत करत वर्ष घालवलं. तो नालायकपणा माझा. त्याला दुसरं नाव नाही.

नाना गेले ते एका दुपारी, झोपेतच. नंतर फोटो माझ्याकडंच आला फ्रेम करायला. शाळेच्या निरोप समारंभातला, हात खिशात घातलेला.

*

त्याला महिना-दीड महिना झाला असेल. दुकानापुढं रिक्षा थांबली आणि वहिनी उतरल्या. चादरीत गुंडाळलेलं एक चित्र होतं, आडवं, चांगलं हातभर रुंद. रशीद दुकानातच होता. त्यानं पुढं होऊन धरलं.

चादर काढली. फिका पिवळा, जवळजवळ पांढराच, आणि खालून वर गेलेला एकच फटकारा. थरथरत, पण शेवटपर्यंत गेलेला. मी म्हटलं, "वहिनी, फार सुंदर आहे."

"पालथं करा," त्या म्हणाल्या.

केलं. मागं पेन्सिल नव्हती. निळा रंग होता, जाड, कापडावरून उसळून चौकटीच्या लाकडावर गेलेला. रेघा, गाठी, शिंतोडे, पुसलेलं, परत काढलेलं. मी आणि रशीद इकडून तिकडून मान वाकडी करून बघत राहिलो. जन्म अक्षरांत घालवलेला रशीद, त्याला एक अक्षर लागेना.

"पेन्सिल धरवत नव्हती," वहिनी म्हणाल्या. "मग चुन्याचा ब्रश घेतला. उजवा हात डाव्यानं धरायचा आणि रोज एक रेघ. पंधरा दिवस लिहीत होते. मला खोलीत येऊ देत नव्हते. झाल्यावर बोलावलं."

"नाव आहे?" रशीदनं विचारलं.

"ठेवीन म्हणाले होते ना."

"काय लिहिलंय, वहिनी?" मी विचारलं.

वहिनी त्या निळ्याकडं बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग पदरानं डोळे टिपले आणि एकदम नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "ही बाजू पुढं ठेवून फ्रेम करा."

"अहो, चौकटीचं लाकूड दिसेल. खिळे दिसतील."

"दिसू द्या."

मी माप घेतलं. सवयीनं ब्राऊन पेपरची गुंडाळी ओढली. वहिनींनी माझा हात धरला. "कागद नको, भाऊजी. आता काय झाकायचं?"

मी गुंडाळी ठेवून दिली. कडी आणि हातोडी घेतली, आणि जे पहिल्या चित्राच्या वेळी विचारायला हवं होतं ते विचारलं. "वर कुठली बाजू?"

त्यांनी बोटानं एक रेघ दाखवली. बोट खालच्या डागावर टेकवलं आणि हळूहळू वर नेलं. मी बरोबर तिथं कडी ठोकली.

फ्रेम सावेडीतल्या बाहेरच्या खोलीत लागली. काही दिवसांनी पुण्याचे ते समीक्षक भेटायला आले. मी आणि रशीद तिथंच होतो. ते थेट त्या फ्रेमसमोर जाऊन उभे राहिले. जवळ गेले, लांब आले, चष्मा काढला, परत लावला. त्यांचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू.

"शेवटी शेवटी काय मोकळे झाले होते सर! हे त्यांचं सगळ्यात मोठं काम आहे," ते म्हणाले. "वहिनी, या चित्राचं टायटल काय?"

"चित्र भिंतीकडं आहे," वहिनी म्हणाल्या. "हे टायटलच आहे. चहा घेणार ना?"